झाड आमचं, पेटी वन्संची

लग्न होऊन मी या घरात आले त्या पहिल्याच थंडीत माझ्या कानावर एक भांडण पडलं. मी मुद्दाम ऐकायला गेले नव्हते. स्वयंपाकघरात भांडी विसळत होते आणि मधली भिंत पातळ होती. भिंत पातळ असली की माणूस आपोआप हळू भांडी विसळतो.

बाहेरच्या खोलीत सासूबाई होत्या आणि माझी थोरली नणंद. सासरे आदल्या वर्षी गेले होते. सासूबाईंनी घर मुलाच्या, म्हणजे आमच्या ह्यांच्या नावावर करून टाकलं होतं, आणि लेकीला ते त्या चहा गाळता गाळता सांगत होत्या, आज पाणी उशिरा येणार आहे असं सांगावं तशा आवाजात. वन्संचं लग्न झालेलं नव्हतं. काचसामानाच्या कारखान्यात त्या पॅकिंगला होत्या.

"घर त्याला," वन्सं म्हणाल्या. "आणि मला?"

सासूबाई म्हणाल्या, मागची खोली आहे की तुला, तुला कोण जा म्हणतंय.

"कुठं राहू ते नाही विचारलं मी. मला काय, ते विचारलं."

मग सासूबाई करवादल्या, की काय हवं ते एकदाचं बोल आणि मला मोकळं कर.

"माळ्यावरची पेटी."

मी नळ बंद केला. माळ्यावरच्या पेटीत काय आहे हे मला नुकतंच कळलं होतं. नाताळच्या झाडावर टांगायच्या वस्तू, या लोकांच्या लहानपणापासूनच्या. आम्ही त्या परवाच उतरवून झाडावर लावल्या होत्या.

सासूबाई हसल्या. ते हसणं काही चांगलं नव्हतं. काचेचे चार गोळे, थोडा कापूस आणि चांदीचा कागद, म्हणाल्या, ने खुशाल. मग काय मनात आलं कुणास ठाऊक, त्यांचा आवाज एकदम खाली आला. "पण झाड इथंच उभं राहील. आणि त्या पेटीतल्याशिवाय त्यावर दुसरं काही चढणार नाही. मी आहे तोवर नाही, आणि मी गेल्यावर तर मुळीच नाही. बघू देत चार लोकांना, लेकीनं आईचं झाड कसं ओकंबोकं केलं ते."

"ओकंबोकं नाही राहायचं," वन्सं म्हणाल्या. "मी येईन. दर वर्षी येईन, लावीन आणि काढून परत नेईन. तुम्हा सगळ्यांच्या छातीवर बसून लावीन."

नाताळ संपल्यावर वन्सं घराबाहेर पडल्या. कारखान्याच्या मागच्या गल्लीत एक खोली घेतली आणि पेटी सोबत नेली. झाड आमच्याकडे, झाडावरचं सगळं त्यांच्याकडे. दोघी मायलेकी खूश होत्या, कारण दोघींनाही वाटत होतं की आपणच जिंकलो. मी मधल्यामधे ओल्या हातांनी उभी, आणि मला हळूहळू उमगत होतं की मला कसलं सासर मिळालंय.

वन्संनी शब्द पाळला. नाताळच्या आधीच्या रविवारी, जेवणं आटोपून सगळे जरा लवंडले की त्या यायच्या. चालत. पेटी जाड चादरीत बांधून कमरेवर घेतलेली, लेकरू घ्यावं तशी. बसनं या म्हटलं तर म्हणायच्या, बसमध्ये धक्के बसतात. दार वाजवायच्या नाहीत, पायानं ढकलायच्या, हात मोकळे नसायचे म्हणून. आणि उंबऱ्यातच पहिलं वाक्य: "झोपलात का सगळे? छान. घर मिळालं की झोपही चांगली लागते."

कारखान्यात त्यांना सगळे 'फुटेल' म्हणत. दिवसभर तोंडात तोच शब्द, नीट धर, फुटेल. बरण्या, ग्लास, कंदिलाच्या काचा कागदात गुंडाळायच्या, खोक्यात पेंढा पसरायचा, त्यावर माल, वर पुन्हा पेंढा. आयुष्यभर तेच केलं. आमची मुलंही त्यांना पाठीमागे फुटेल आत्या म्हणायची. एकदा माझ्या मुलाच्या तोंडून ते त्यांच्यासमोरच निघून गेलं. आम्ही सगळे गार. वन्सं शांतपणे म्हणाल्या, "बरोबर आहे. या घरात एवढा एकच शब्द उपयोगाचा आहे."

आमचं झाड म्हणजे एक लोखंडी दांडा आणि त्यात खोचायच्या तारेच्या फांद्या, वर हिरव्या कागदाच्या सुया चिकटवलेल्या. खालचा एक पाय आखूड होता, त्याखाली पुठ्ठ्याची घडी. आमचे हे सकाळीच ते खिडकीजवळच्या कोपऱ्यात उभं करून ठेवत आणि मग संध्याकाळपर्यंत तोंड पाडून बसत, कारण पुढं काय होणार ते त्यांना ठाऊक असायचं.

दुसऱ्यांच्या घरी काय होतं ते मी शेजारणीकडे बघितलं होतं. एकेक वस्तू काढतात, एकमेकांना दाखवतात, हे बघ बाळाच्या पहिल्या नाताळातलं म्हणतात, हळूच डोळे टिपतात. आमच्याकडे पेटी उघडली की खटला उभा राहायचा. वन्सं खुर्चीत बसत, पेटी पायाशी. वर्तमानपत्राची एकेक पुडी उलगडत, आतली वस्तू उजेडात धरत, आणि ती कुणाच्या कुठल्या गुन्ह्याची आहे ते वाचून दाखवल्यासारखं सांगत. तेच शब्द, दर वर्षी. आम्ही सगळे समोर बसलेले.

पहिली निघायची ती तांबडी घंटा. "ही घंटा. याची नवीन नोकरी. मला म्हणाला होता, ताई, पहिल्या पगारात तुला मनगटी घड्याळ. आणली ही. वाजतसुद्धा नाही."

हे दर वर्षी म्हणायचे, "अगं, ते मी गमतीत म्हणालो होतो."

"गंमत होती तर मला हसू का नाही आलं?"

मग कापसाचा म्हातारा. त्याची दाढी सासूबाईंनी कापसाची केली होती आणि डोळे बटणांचे. एक बटण काळं, एक तपकिरी. तपकिरी बटण वन्संच्या कोटाचं होतं, न विचारता कापलेलं, आणि त्या पोरसवदा वयात तो सबंध हिवाळा त्यांनी कोट एका हातानं गळ्याशी धरून शाळा केली होती. सासूबाई जिवंत असेपर्यंत हे ऐकताना भिंतीकडे बघत. नंतर भिंतीकडे बघायला कुणी उरलं नाही, पण वन्सं म्हाताऱ्याला त्याच बाजूला तोंड करून धरायच्या.

मग चांदीच्या कागदाचा तारा. सासऱ्यांनी तो वन्सं तापानं पडल्या होत्या तेव्हा त्यांच्या उशाशी बसून केला होता. पण टोकावर चढवायचा मान मुलाला. का, तर तो मुलगा. "तारा माझा, टोक याचं," वन्सं म्हणायच्या आणि तारा ह्यांच्या हातात अशा द्यायच्या, की घेणाऱ्याला तो गरम लागावा.

आणि मग पक्षी. पातळ काचेचा, हिरवट निळा, पोटाखाली चिमटा, म्हणजे फांदीवर बसवता यावा. त्याला केसांसारख्या बारीक काचेच्या धाग्यांचं शेपूट होतं. होतं म्हणायचं, कारण ते तुटलं.

"हा पक्षी," वन्सं माझ्याकडे न बघता म्हणायच्या. "सबंध बालपण टिकला. मग घरात सून आली."

शेपूट मी तोडलं नव्हतं. त्या पहिल्या नाताळात पेटी माळ्यावरून उतरवताना ह्यांचा हात लागला आणि शेपूट तुटलं. ह्यांनी ते खिशात घातलं, आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, ताईला बोलू नकोस, ती मला आयुष्यभर सोडायची नाही. मी नवी नवरी, मला वाटलं, नवऱ्याचं पहिलं गुपित. जपलं मी ते. मला काय माहीत की ते आयुष्यभराचं बोलणं माझ्या डोक्यावर येणार आहे आणि हे समोर बसून, मान खाली घालून, ते येऊ देणार आहेत. त्यांचं माझ्यावर प्रेम होतं, त्याबद्दल मला शंका नाही. पण पक्षी निघाला की ते पाणी प्यायला उठायचे.

सासूबाईंचा आणखी एक नियम होता. घरात नवीन माणूस आलं, की त्यानं पेटीत आपली एक वस्तू घालायची. मी माहेराहून एक निळा काचेचा गोळा आणला होता. वन्संनी तो भिंतीकडच्या बाजूला टांगला. झाड कोपऱ्यात असल्यामुळे त्याची एक बाजू भिंतीला चिकटलेली, तिकडचं काही दिसत नाही. मी विचारलं तर म्हणाल्या, मागचीही बाजू झाडाचीच आहे. तिथंच तो राहिला. केर काढताना मी फांदी जरा उचलून त्याला बघून घ्यायची, तुरुंगात भेटायला गेल्यासारखं.

सासूबाई गेल्या. मुलगा मोठा झाला, त्याचं लग्न झालं. सूनबाई आली ती एक लाकडी घोडा घेऊन, तळहाताएवढा, तिच्या आईनं दिलेला. तोही गेला भिंतीकडे. सूनबाई माझ्यासारखी केर काढताना बघून घेणाऱ्यांपैकी नव्हती. तिनं तिथल्या तिथं म्हटलं, "आत्याबाई, पुढं जागा आहे की एवढी." वन्सं म्हणाल्या, जागा आहे, पण ती रिकामी चांगली दिसतेय. सूनबाई हसली आणि आत गेली. ते हसू बघून मला सासूबाईंची आठवण झाली, आणि मी मनात म्हटलं, चला, आता पुढची फेरी.

पण त्याआधी हे गेले. पावसाळ्यात आजारी पडले आणि पुन्हा उठलेच नाहीत. वन्सं आल्या, दिवसभर बसल्या, एक शब्द बोलल्या नाहीत. माझ्याशी तर नाहीच. येणारेजाणारे म्हणत होते, किती सज्जन माणूस, कधी कुणाला दुखावलं नाही. वन्सं ते ऐकत होत्या आणि त्यांचा जबडा हलत होता.

त्या वर्षीच्या नाताळाला मला वाटलं, या यायच्या नाहीत. आल्या. पायानं दार ढकललं, झोपलात का सगळे म्हणाल्या, बसल्या आणि पहिली पुडी उलगडली. मला वाटलं, घंटेचं आता काही बोलणार नाहीत. मेलेल्या माणसाला कोण बोलतं? वन्संनी खुर्ची जरा वळवली, भिंतीवरच्या ह्यांच्या फोटोकडे तोंड केलं, घंटा वर धरली आणि सगळं पहिल्यापासून शेवटपर्यंत त्याला ऐकवलं. घड्याळ, पगार, वाजतसुद्धा नाही. वाक्य संपल्यावर थोडं थांबल्या, ह्यांच्या उत्तराला जेवढा वेळ लागायचा तेवढ्या. मग म्हणाल्या, "गंमत होती तर मला हसू का नाही आलं?"

मी तोंडात पदराचा बोळा कोंबून आत पळाले. हसत होते की रडत होते ते मलाही सांगता यायचं नाही.

तारा त्यांनी माझ्या मुलाच्या हातात दिला. "टोक याचं," म्हणाल्या. "वारशानं."

पुढच्या वर्षी सूनबाईनं डाव टाकला. रविवार उजाडायच्या आधीच, शनिवारी, तिनं बाजारातून दोन मोठी खोकी आणली. सोनेरी प्लॅस्टिकचे गोळे, सगळे एकसारखे, आणि उघडझाप करणारी दिव्यांची माळ. मी शेजारी गेले होते. परत येते तो झाड लखलखतंय, टोकावर सोनेरी तारा, आणि घोडा अगदी मधोमध. तो तिनं मागच्या वेळी पेटीत जाऊच दिला नव्हता. मी म्हटलं, सासूबाईंचा शब्द होता, दुसरं काही चढायचं नाही. सूनबाई म्हणाली, "आई, मी त्यांना पाहिलेलं नाही. आणि दर नाताळला आपल्याच घरात आरोपीसारखं बसायचा मला कंटाळा आलाय. तुम्हाला नाही आला?"

खरं सांगायचं तर आला होता. मी रिकामी खोकी उचलून माळ्यावर टाकली.

रविवारी दार पायानं ढकललं गेलं. वन्सं उंबऱ्यात थांबल्या. झाडाकडे बघत राहिल्या. दिवे लागत होते, विझत होते, आणि तोच उजेड त्यांच्या चष्म्यात.

सूनबाई गोड आवाजात म्हणाली की आत्याबाई, तुम्हाला या वयात ओझं आणायचा त्रास नको म्हटलं.

वन्सं आत आल्या, आपल्या खुर्चीत बसल्या. पेटी खाली ठेवली नाही, मांडीवरच. "छान दिसतंय," म्हणाल्या. "दुकानात उभं असल्यासारखं." मी चहा पुढं केला तर म्हणाल्या, हात मोकळे नाहीत. आणि उठून गेल्या. पेटीची गाठसुद्धा सोडली नाही.

तो नाताळ आमच्या घरातला पहिला शांत नाताळ. कुणी कुणाला बोललं नाही. जेवलो, प्रार्थना केली, एकमेकांना स्वेटर दिले. आणि मी त्या सोनेरी गोळ्यांकडे बघत बसले होते. कुठल्याच गोळ्याला काही बोलायचं नव्हतं. पाहुणे आले, ह्यांचं नाव निघालं, आणि पुन्हा तेच, किती सज्जन माणूस. वर्षभर सगळे ह्यांच्याबद्दल असंच बोलत होते, हळू आवाजात, धूप घातल्यासारखं. ऐकून ऐकून माझ्याच नजरेसमोरून ते पुसट व्हायला लागले होते. एकाच माणसाच्या तोंडी ते अजून तरणेबांड होते, थापाडे होते, बहिणीला फसवून घंटा आणणारे होते. आणि ते माणूस आम्ही चहा न पाजता घालवलं होतं.

पुढची थंडी पडायला लागली तशी मी वन्संच्या खोलीवर गेले. रंग उडालेला जिना, वर एक दार, आत एक पलंग, एक स्टो, एक खिडकी. कपाटावर पेटी, चादरीत बांधलेली. भिंतीवर कॅलेंडर, आणि नाताळाची खूण म्हणाल तर शून्य. कारखाना सुटून बरीच वर्षं झाली होती, पण खोलीत वर्तमानपत्रांचा गठ्ठा होता, घड्या घालून, पुड्यांसाठी ठेवलेला. वन्सं बारीक झाल्या होत्या. जिना चढणाऱ्या मी, आणि धाप त्यांना लागली होती.

मी गोड बोलले. म्हटलं, वन्सं, झालं गेलं विसरा, पोरीला कळलं नाही, या ना यंदा, तुमच्याशिवाय बरं नाही वाटत.

"गोड बोलू नकोस," त्या म्हणाल्या. "तू गोड बोलायला लागलीस की मला वाटतं मी मरायला टेकलेय. डॉक्टरही हल्ली गोड बोलतो."

मी आणखी दोनदा म्हणून बघितलं. त्यांनी खिडकीकडे तोंड केलं. भरलेल्या झाडाला माझी काय गरज, एवढंच म्हणाल्या. आता इथून हात हलवत परत जायचं, आणि पुन्हा त्या गोळ्यांसमोर बसायचं, या विचारानं माझं डोकं फिरलं.

"ठीक आहे," मी म्हटलं. "येऊ नका. मग पेटी द्या. सासूबाईंनी ती झाडावर लावायला दिली होती, कपाटावर ठेवायला नाही. तुमच्याकडे झाडही नाही. ठेवून घ्यायचा हक्क काय तुम्हाला?"

वन्संची मान वळली. तोंडावर रक्त आल्यासारखं वाटलं. "हक्क? तू मला हक्क शिकवतेस? त्या घरात बसून?"

"माझा निळा गोळा आहे त्यात. तो तरी काढा. आणि पक्षीही काढा. इतकी वर्षं माझ्या नावानं बोंब मारताय ना, मग मोडला तो माझा. मी नेते घरी."

"पक्ष्याला हात लावून तर बघ."

"आणि तो मी मोडलेला नाही," मी म्हटलं. इतक्या वर्षांचं एकदम वर आलं. "तुमच्या भावानं मोडला. माळ्यावरून काढताना. शेपूट खिशात घातलं त्यांनी."

वन्सं म्हणाल्या, "माहीत आहे मला."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"मी खालीच शिडी धरून उभी होते. खिशात घालताना बघितलं मी."

"मग माझं नाव का घेतलंत सगळा जन्म?"

त्या माझ्याकडे असं बघत राहिल्या, की मी काय खुळ्यासारखं विचारते. "त्याच्या नावावर घंटा होती आधीच. एकाच माणसावर किती घालायचं? तू नवीन होतीस, मोकळी होतीस. पेटीतून काढायचं आणि तुझं काही बोलायचंच नाही, असं कसं चालेल? मग तिथं बसायचीस कशाला तू?"

मी चपला पायात सरकवल्या. राग तर आला होताच. जिन्यातून उतरताना आणखी आला. खाली पोचेपर्यंत वरून आवाज आला, की मी रविवारी येणार आहे, कारण माझ्या मागे तुम्ही लोक झाडावर काय लटकवाल याचा भरवसा नाही, आणि गोळा हवा असेल तर झाडावरून घे, माझ्या घरातून नाही.

घरी येऊन मी सूनबाईला सांगितलं, सोनेरी गोळे उतरव आणि हवे तर खिडकीत लाव. दोन दिवस तिनं माझ्याशी अबोला धरला. मी तो धरू दिला. अबोला मला नवीन नव्हता.

रविवारी दार ढकललं गेलं. "झोपलात का सगळे?" घंटा निघाली, फोटोला सगळं ऐकवून झालं. म्हातारा, तारा, पक्षी. "मग घरात सून आली," वन्संनी माझ्याकडे न बघता म्हटलं, तस्संच, एक अक्षर इकडचं तिकडं नाही. मी वाट बघत होते, काही बदलतंय का. नाही बदललं. मी म्हटलं, आली तर आली, घालवून का नाही दिलीत? त्या म्हणाल्या, तेव्हाच द्यायला हवी होती.

मग सूनबाई उठली, आपला घोडा घेऊन आली आणि म्हणाली की हा पुढं लागणार. का, तर मी म्हणते म्हणून. वन्संनी तिला खालपासून वरपर्यंत बघितलं. घोडा घेतला आणि बाजूच्या फांदीला टांगला, अर्धा पुढं, अर्धा मागं. "त्या गोळ्यांपैकी एक आण," म्हणाल्या.

सूनबाईनं विचारलं, कशाला.

"लक्षात ठेवायला."

सूनबाईनं खिडकीतून एक सोनेरी गोळा काढून आणला, फेकल्यासारखा पुढं केला. वन्संनी तो उजेडात धरला, सावकाश फिरवला, आणि पहिल्यांदाच म्हणून दाखवलं. "हा गोळा. मी म्हातारी ओझं घेऊन चालत आले. आणि हिनं झाड आधीच भरून ठेवलं होतं. चहा दिला, पण हात मोकळे आहेत का ते विचारलं नाही." मग तो अगदी दर्शनी फांदीवर लावला, सगळ्यांना दिसेल असा. सूनबाईचा चेहरा लालबुंद. पुढच्या वर्षी, गोळा निघाला तेव्हा, ती म्हणाली, "चहा मी नव्हता दिला, आईंनी दिला होता." वन्सं म्हणाल्या, बघा, वर ऐकवतेय. पण मला दिसत होतं, सूनबाई आता पेटी उघडताना आत जात नव्हती. पुढं सरसावून बसत होती, आपला गोळा निघायची वाट बघत, उत्तर तयार ठेवून.

अशी आणखी काही वर्षं मिळाली. आता पेटी माझ्या पलंगाखाली आहे, आणि शेवटच्या खेपेला वन्संनी बांधलेली गाठ अजून तशीच आहे. ती सोडायची कुणी, यावरून सूनबाईचं आणि माझं सध्या चालू आहे.

ती शेवटची खेप म्हणजे नाताळानंतरची, झाड उतरवायची. वसंत यायच्या आत वन्सं गेल्या, पण तेव्हा आम्हाला ते ठाऊक नव्हतं. त्यांना होतं की नाही, सांगता येत नाही. दुपारी आल्या. डॉक्टरांनी वजन उचलू नका म्हणून बजावलं होतं, ते आम्हाला त्यांनीच सांगितलं, दुसऱ्या कुणाला तरी सांगितल्यासारखं. खुर्चीत बसून त्यांनी एकेक वस्तू मागून घेतली. बोटं थरथरत होती. कागद फाटला. दुसरा घेतला, तोही वाकडा बसला.

त्यांनी पक्षी माझ्याकडे केला. "गुंडाळ."

सगळ्या जन्मात मला त्या पेटीतलं काही गुंडाळायला मिळालं नव्हतं. मी श्वास धरून गुंडाळला, कडा आत दुमडल्या, आणि दिला. वन्संनी पुडी हातात तोलली. मग उलगडली. "असं गुंडाळतात?" म्हणाल्या, "फुटेल," आणि कितीतरी वेळ लावून स्वतःच पुन्हा गुंडाळला.

सगळ्यात शेवटी माझा निळा गोळा. भिंतीकडे हात घालून तो त्यांनीच काढला, फुंकर मारून धूळ उडवली. त्याबद्दल काही बोलल्या नाहीत. त्याच्याबद्दल कधीच काही बोलल्या नव्हत्या.

मुलगा म्हणाला, आत्या, गाडीनं सोडतो. गाडीत धक्के बसतात, त्या म्हणाल्या. चादरीची गाठ मारली, दोनदा ओढून बघितली, पेटी कमरेवर घेतली. उंबऱ्यात माझ्याकडे वळून म्हणाल्या, झाडाच्या पायाखालचा पुठ्ठा पार कुजलाय, पुढच्या वर्षी नवा घाल, आणि दार लाव, घरात थंडी शिरतेय.

मी दार लावलं नाही. गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत त्या सावकाश गेल्या. तिथं थांबल्या, पेटी या कमरेवरून त्या कमरेवर घेतली, आणि कोपरा वळल्या.